ब्लोअर फक्त चारवर चालतो आणि रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतो, तेव्हा बदलायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरची गाडी, आठ वर्षांची हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी. ब्लोअर, म्हणजे एसीची हवा ढकलणारा पंखा, एक, दोन, तीन नंबरच्या वेगावर गप्प, फक्त चारवर पळतो. मागच्या पावसाळ्यात हेच झालं तेव्हा गॅरेजवाल्याने रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, बदलून दिला. वर्ष व्हायच्या आत पुन्हा तेच, आणि या वेळी ग्लोव्ह बॉक्सच्या मागून मधूनमधून जळका वासही येतो. आता गॅरेजवाला म्हणतो, मोटरसकट सगळी असेंब्ली बदला. तुम्ही विचारताय की एवढा खर्च करू, की चारवरच चालवत राहू? नाहीतरी कोकणात हीटर लागतो कोणाला?

मी याच किनाऱ्यावर बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. काय बदलायचं हे नंतर ठरवू. आधी रेझिस्टर जळतोय कशाने ते शोधायला हवं. ते न शोधता तिसरा रेझिस्टर लावलात तर तोही जाईल, आणि न शोधता नवी मोटर लावलीत तर पैसे जाऊनही जळका वास तसाच राहण्याची शक्यता आहे.

ही यंत्रणा समजायला सोपी आहे. ब्लोअरची मोटर १२ व्होल्ट डीसी, कार्बन ब्रशवाली. एक, दोन, तीनवर करंट रेझिस्टरच्या वेगवेगळ्या कॉइलमधून जातो, म्हणून मोटरला कमी व्होल्ट मिळतात आणि ती हळू फिरते. चारवर रेझिस्टर वाटेतच नसतो, करंट थेट जातो. म्हणून खालचे वेग बंद आणि चार चालू असेल तर रेझिस्टर, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) किंवा बटणाच्या मागचा स्विच, या तिघांपैकी काहीतरी गेलंय. त्यात रेझिस्टरचाच नंबर बहुतेक वेळा लागतो. तुमच्या गॅरेजवाल्याचं पहिल्या वेळचं निदान बरोबरच होतं, फक्त ते अर्ध्यावर थांबलं.

एक खुलासा करून ठेवतो. हे सगळं नॉब फिरवायच्या एसीला लागू आहे. ज्या गाडीत तापमानाचा आकडा लावायचा ऑटोमॅटिक एसी असतो, तिथे कॉइलचा रेझिस्टर नसून ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, मागे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असलेलं. ते गेलं की ब्लोअर एकतर पूर्ण वेगाने थांबेचना होतो, नाहीतर अजिबात फिरत नाही. तसल्या गाडीला खालची सगळी चर्चा जशीच्या तशी लावू नका.

आता रेझिस्टर मरतो कसा ते पाहू. तो ब्लोअरच्याच हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायला तीच हवा लागते. एक नंबरवर रेझिस्टर ३०-४० वॅट उष्णता सहज तयार करतो. हवा वाहत असेल तर ती वाहून जाते. समजा मोटर जाम झाली आणि नॉब एकवर आहे. मोठा फ्यूज ३० अँपिअरचा, आणि रेझिस्टर करंटला अडवत असल्यामुळे वाटेतून जातात जेमतेम चार-पाच अँपिअर. तो फ्यूज कशाला उडेल? तिकडे रेझिस्टर मात्र प्लास्टिकच्या पेटीत हवेशिवाय तापत राहतो. हीच आग टाळायला रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो कायमचा तुटतो. तुमचे एक-दोन-तीन एकदम गेले याचा अर्थ बहुधा तोच तुटला. म्हणजे रेझिस्टर खराब निघाला असं नसून त्याने आपलं काम केलं.

त्यामुळे काही लोक तो थर्मल फ्यूज काढून तिथे तार जोडून देतात, ते काम कोणी फुकट करून दिलं तरी करून घेऊ नका. ब्लोअर चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि डॅशबोर्डच्या आत एक हीटर बिनपहाऱ्याचा राहतो.

थर्मल फ्यूज तुटायला तीन कारणं. हवा कमी पडते, किंवा मोटर जास्त करंट ओढते, किंवा कपलर ढिला पडून तिथेच तापतो आणि ती उष्णता रेझिस्टरपर्यंत जाते. आपल्याकडे बऱ्याचदा तिन्ही थोडी थोडी एकत्र असतात. म्हणूनच पुण्याच्या गाडीपेक्षा गुहागरची गाडी या बाबतीत लवकर आजारी पडते.

आधी हवा. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणाऱ्या हवेतली धूळ अडवणारी जाळी, शेवटचा कधी बघितलात? मुंबई-गोवा महामार्गाची जांभ्याची लाल धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आली की फिल्टरवर पातळ गिलावा बसतो. अनेक जण सांगतात की फिल्टर तुंबला की मोटरवर लोड येतो आणि ती जास्त करंट घेते. हे या प्रकारच्या पंख्याला लागू नाही. ब्लोअरचा पिंजरा, म्हणजे पात्यांचं गोल चाक, हवा ढकलतो. ढकलायला हवाच मिळाली नाही तर तो हलका होऊन उलट जास्त वेगाने फिरतो आणि करंट कमी होतो. कान दिलात तर आवाज किंचित चढलेला ऐकू येईल. तोटा दुसरीकडे होतो. रेझिस्टरला गार करणारी हवा कमी झाली, म्हणून तो भाजतो. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे करंट मोजाल तेव्हा फिल्टर तुंबलेला असेल तर आकडा फसवा, कमी येईल. आधी फिल्टर काढून ठेवा किंवा नवा लावा, मग मोजा.

फिल्टरच्या अलीकडे काय आहे तेही बघा. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते, तिथून बाहेरची हवा आत येते. समुद्रावर गाडी सुरूच्या सावलीत लावायची आपली सवय. त्या सुया जाळीतून सरळ आत जातात, आंब्याचा मोहोरही जातो. खाली पाणी वाहून जायची भोकं असतात, ती बुजतात. मग जुलैतल्या पावसात तिथे पाणी साचतं आणि ब्लोअरच्या पेटीत उतरतं. मोटरच्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, गंज धरायला एवढं पुरे. बॉनेट उघडून ती भोकं बोटाने साफ करणं हे पावसाळ्याआधीचं काम, आणि त्याला मेकॅनिक लागत नाही.

याच वाटेने उंदीरही येतो. पावसाळ्यात त्याला कोरडी जागा हवी असते आणि ब्लोअरचा पिंजरा त्याच्या सोयीचा. पेंढा, काथ्या, टिश्यू पेपर, काय काय निघतं. रात्री गाडी लावताना हवेचा लिव्हर आतल्या हवेवर, म्हणजे रिसर्क्युलेशनवर ठेवून इंजिन बंद करा. बहुतेक गाड्यांत ती झडप तशीच बंद राहते आणि वाट अडते. गाडी सुरू केल्यावर मात्र लिव्हर परत बाहेरच्या हवेवर घ्या, नाहीतर पावसात काचा धुकटतील.

आता मोटर. इथे अंदाजाने बोलण्यात अर्थ नाही, आकडा लागतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असतो. घरगुती वायरमनचा साधा क्लॅम्प फक्त घरच्या विजेचा (एसी) करंट मोजतो, तो इथे कामाचा नाही. फिल्टर साफ, इंजिन चालू, ब्लोअर चारवर, आणि मोटरच्या एका वायरभोवती क्लॅम्प. लहान गाड्यांत पूर्ण वेगाला सर्वसाधारणपणे १२ ते २० अँपिअरच्या आसपास येतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलच्या ठणठणीत गाडीवर मोजून ताडून बघा. ३० चा फ्यूज असलेल्या मोटरने सलग २५ ओढले तर ती मोटर आजारी आहे, मग ती कितीही छान फिरताना दिसो.

आजारी म्हणजे लगेच टाकाऊ असं नाही. मोटर खाली काढा. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या पायाजवळून तीन स्क्रू सोडले की ती खाली येते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास पिवळा कपलर किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात. मोटर हातात आली की पिंजरा बोटाने फिरवा. मोकळा फिरून हळूहळू थांबला पाहिजे. लगेच अडखळून थांबला तर बुश कोरडा किंवा गंजलेला. वरखाली हलवून ढिलेपणा बघा. पिंजऱ्याच्या पात्यावर एखादी पत्र्याची छोटी क्लिप दिसेल, ती कचरा समजून काढू नका. ती बॅलन्सिंगची आहे, काढलीत तर मोटर कायमची थरथरेल.

बुश नुसता कोरडा असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो असलेलं तेलही धुऊन नेतो आणि थोड्या दिवसांत किंचाळणं परत सुरू. कार्बन झिजले असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) वाइंडिंगवाल्याकडे त्या मापाचे किंवा घासून बसवता येतील असे कार्बन मिळतात. कार्बन झिजल्याची खूण अशी की ब्लोअर बंद पडतो आणि पेटीवर टिचकी मारली की चालू होतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पण आर्मेचरवर ज्या तांब्याच्या पट्टीवर कार्बन घासतात तिथे खोल चर पडले असतील, किंवा मोटरमध्ये कधी पुराचं पाणी गेलं असेल, तर डागडुजी करू नका, नवी घ्या.

पुराचं मुद्दाम काढलं. तुम्ही गाडी नवी घेतली की जुनी, हे लिहिलेलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाड्यांचे डॅशबोर्ड बुडाले, आणि ब्लोअरची मोटर बसते ती डॅशबोर्डच्या खालच्या भागात. तुमची गाडी सेकंडहँड असेल तर ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागच्या पत्र्यावर, वायरींच्या जुडग्यात चिखलाची वाळलेली रेघ आहे का ते टॉर्च मारून बघा. रेघ सापडली तर हा सगळा प्रश्न वेगळा होतो. मग ब्लोअर ही फक्त सुरुवात आहे आणि सगळे कपलर उघडून बघावे लागतील.

मोटर परत बसवताना एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी विसरली जाते. अनेक मोटरींच्या पाठीला एक छोटी नळी येते. पंख्याचीच थोडी हवा त्या नळीने मोटरच्या पोटात जाते आणि तिला गार ठेवते. ती नळी न जोडता मोटर लावली तर ती चालेल, पण आतून तापत राहील. तुमच्या गाडीत मागच्या दुरुस्तीच्या वेळी मोटरला हात लागला असेल तर हे जरूर बघा.

राहिला कपलर. तुमच्या जळक्या वासावरून माझा मुख्य संशय इथेच आहे. खारी हवा, त्यात पावसाळ्यात ओल्या पायांनी भिजलेलं मॅट. त्याने कपलरच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि जोड कमकुवत होतो. किती कमकुवत म्हणजे घातक? समजा एकाच पिनेवर ०.१ ओहम अडथळा तयार झाला. साधा मल्टीमीटर एवढा बारीक आकडा नीट दाखवतही नाही. पण १५ अँपिअर जाताना त्या पिनेवर दीड व्होल्ट खर्च होतात आणि २२ वॅटच्या वर उष्णता निघते. सोल्डरिंगचं लहान आयर्न २५ वॅटचं असतं. ते प्लास्टिकच्या कपलरमध्ये तासभर खुपसून ठेवलं तर काय होईल, तेच तुमच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे होतंय असं मला वाटतं.

हे तपासायला ओहम मोजत बसू नका, करंट चालू असताना व्होल्ट मोजा. इंजिन चालू, ब्लोअर चारवर. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्हकडच्या) पिनेवर. ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या वाटेत कुठेतरी जोड सडलाय. मग लाल टोक एकेक कपलर मागे सरकवत जा. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे दोष. काही गाड्यांत वेगाचा स्विच अर्थच्या बाजूलाच असतो, म्हणून ही चाचणी स्विचही पकडते. बॉडी अर्थचा बोल्ट बऱ्याच गाड्यांत डाव्या किक पॅनलमागे, म्हणजे पायाजवळच्या बाजूच्या प्लास्टिकमागे असतो, बऱ्याचदा गंजलेला. तो उघडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून वॅसलिन लावा. हे काम एवढं स्वस्त आहे की मी मीटर लावायच्या आधीच करून टाकतो.

कपलर वितळलेला, तपकिरी पडलेला दिसला तर पिना घासून परत बसवू नका. तापलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते. घासल्यावर ती चमकते, पण पकडत नाही. नवा कपलर वायरीच्या तुकड्यासकट मिळतो, तो लावायचा. जुनी वायर कापाल तेव्हा आतलं तांबं बघा. काळं पडलेलं असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. तितक्याच जाडीची वायर, दाबून बसवायचा क्रिंपचा लग, वरून इन्सुलेशनची स्लीव्ह. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी आपल्या हवेत टिकत नाही. आणि मागच्या वेळी रेझिस्टर नवा पण कपलर जुनाच ठेवला होता का, हे गॅरेजवाल्याला विचारा. उत्तर "हो" आलं तर वर्षभरात तो का गेला ते कळलंच.

खर्चाचं म्हणाल तर रेझिस्टर आणि कपलर काही शेकड्यांत होतात, मोटर काही हजारांत जाते, आणि पूर्ण असेंब्लीसाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच मालापेक्षा जड. तुमच्या वर्णनात असेंब्ली बदलावी असं मला काहीच दिसत नाही. गॅरेजवाल्याला वाईट बोलू नका. त्याला एकच विचारा: "चारवर मोटर किती अँपिअर घेते ते मोजलं का?" मोजलं असेल आणि आकडा जास्त असेल तर मोटर बदलायला हरकत नाही. मोजलं नसेल तर आधी मोजायला सांगा. रेझिस्टर घेताना मात्र कंपनीचाच घ्या. स्वस्त लोकल मालात थर्मल फ्यूज कुठल्या तापमानाचा टाकलाय याचा भरवसा नसतो.

चारवरच चालवत राहायचं का, याचं उत्तर तुमच्या नाकावर आहे. वास नसता तर मी म्हटलं असतं की चालवा आठ-पंधरा दिवस, कारण चारवर रेझिस्टर वाटेतच नाही. पण चारवर कपलरमधून सगळ्यात जास्त करंट जातो, आणि तुमच्याकडे वास येतोय. तेव्हा कपलर उघडून बघेपर्यंत ब्लोअर बंद ठेवा. फ्यूज वारंवार उडू लागला तर जास्त अँपिअरचा टाकू नका. हिरवा फ्यूज ३० चा असतो. त्या जागी ४० चा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

आणि हीटर कोणाला लागतो, तर आपल्यालाच. पावसात आंबा घाटाने वर जाताना काच आतून धुरकटते, ती साफ होते याच ब्लोअरने. एसी चालू, तापमानाचा नॉब मध्यापासून थोडा गरमकडे, हवा काचेवर, झडप बाहेरच्या हवेवर. एसी हवेतली ओल काढतो आणि हीटर तिला थोडी ऊब देतो. काच कधीकधी बाहेरून धुरकटते, ती गार काचेवर बाहेरची दमट हवा बसल्यामुळे. तेव्हा वायपर मारा आणि गार हवेचा झोत काचेवरून काढून पायाकडे घ्या. दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर बंद असताना पावसात निघावंच लागलं तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, कोरडं सुती फडकं हाताशी ठेवा, आणि घाट दिवसाउजेडीच उरका.